इतिहासाचे वाक्य : कर्ता कोण, अधिकरण कोण?

इतिहास हे शास्त्र की वाङ्मय, हा प्रश्न मराठी वाचकास नवा नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून तो आपल्याकडे निरनिराळ्या रूपांनी चर्चिला जात आहे. त्या खंडाने एक नवा दंडक घालून दिला. अस्सल कागद आधी, विधान मागाहून; आणि ज्या विधानास कागद नाही ते कितीही गोड असले तरी इतिहासात त्यास जागा नाही. या दंडकापुढे बखरींचा मान उतरला, १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासाचाही दरारा कमी झाला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि दप्तरे धुंडाळणे हे एक व्रतच होऊन बसले. या साऱ्याचे ऋण मोठे आहे; ते नाकारण्याचा कृतघ्नपणा कोणी करू नये.

परंतु या व्रताबरोबर एक समजूतही आपल्या मनात दृढ झाली. कथा सांगतो तो बखरकार, पुरावा देतो तो इतिहासकार. पहिला रंगवितो, दुसरा केवळ दाखवितो. आणि ग्रंथाच्या तळाशी टीपा जितक्या दाट, तितका त्या ग्रंथातील वक्तृत्वाचा अंश कमी, अशी ती समजूत आहे. विद्यापीठांतून लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांनी तर हिला जवळजवळ धर्मशास्त्राचे रूप दिले आहे. प्रस्तुत लेखात आम्हांस असे म्हणावयाचे आहे की ही समजूत चुकीची आहे. इतिहासकार खोटे लिहितात असा आमचा मुळीच आरोप नाही. ते खरे लिहीत असतानाही कथा रचीत असतात, आणि ही गोष्ट वाचकापासून, कित्येकदा स्वतःपासूनही, झाकून ठेवतात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

वक्तृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उपमा, उत्प्रेक्षा, लांबलचक संबोधने आणि डोळ्यांत पाणी आणणारी वर्णने उभी राहतात. तेवढेच वक्तृत्व असते, तर ते काढून टाकणे सोपे होते. एखाद्या चांगल्या संपादकाने तांबडी पेन्सिल घेऊन बसावे आणि दोन दिवसांत इतिहास शास्त्रशुद्ध करून द्यावा! पण खरे वक्तृत्व याहून खोल असते. हकीकत कोठून आरंभावयाची, कोठे थांबवावयाची, आणि वाक्यात कर्त्याच्या जागी कोणास बसवावयाचे, या तीन निवडींत ते राहते. या तिन्हींवाचून कोणताही इतिहास लिहिता येत नाही, आणि या तिन्हींचा निर्णय कोणताही कागद देत नाही. कागद सांगतो की अमक्या दिवशी अमके घडले. तो आरंभ होता की शेवट, हे कागदावर लिहिलेले नसते.

युरोपात हा विचार फार पुढे गेला आहे. जर्मन इतिहासकार रांके याने १८२४ साली आपल्या पहिल्याच ग्रंथात, जे घडले ते कसे घडले एवढेच दाखविण्याची नम्र प्रतिज्ञा केली. १९०३ साली केंब्रिज येथे बरी याने इतिहास हे शास्त्रच आहे, त्याहून कमी नाही आणि अधिकही नाही, असे ठामपणे सांगितले. त्यास ट्रेव्हेल्यनने उत्तर दिले. त्या उत्तराचा विस्तार १९१३ च्या त्याच्या निबंधसंग्रहात आहे. इतिहासाची अधिष्ठात्री ही एक वाग्देवता आहे, तिची वाणी काढून घेतली तर उरते ते केवळ दप्तर, असा त्याचा भाव. पुढे १९७३ साली अमेरिकेतील हेडन व्हाइट याने ‘मेटाहिस्टरी’ या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील थोर इतिहासकारांचे ग्रंथ कादंबरी वाचावी तसे वाचून दाखविले आणि प्रत्येकाने आपल्या सामग्रीस शोकांतिका, सुखांतिका, अद्भुतकथा किंवा उपहास यांपैकी एका साच्यात ओतले आहे असे प्रतिपादिले. व्हाइटचे सर्व म्हणणे आम्हांस मान्य नाही. त्याचे कारण पुढे येईल. परंतु त्याने विचारलेला प्रश्न आपल्या घरच्या उदाहरणावर घासून पाहण्याजोगा खास आहे. आणि मराठी इतिहासात त्यासाठी पानिपतासारखी दुसरी कसोटी नाही.

१४ जानेवारी १७६१ हा दिवस सर्वांस मान्य आहे. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव त्या रणात पडले, हेही मान्य आहे. आता तीन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. यदुनाथ सरकार यांनी पानिपताचे वर्णन ‘मोगल साम्राज्याचा ऱ्हास’ या अर्थाचे नाव असलेल्या आपल्या चतुःखंडात्मक ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, १९३४ साली, केले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी तेच रण ‘मराठी रियासती’त आणि पुढे १९४६ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी इतिहासात वर्णिले. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी १९४६ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रण एक, दिवस एक, बहुतेक साधनेही सामाईक. मात्र सरकारांच्या ग्रंथात ते एका मोठ्या घराच्या कोसळण्यातील एक धडाका आहे. सरदेसायांच्या ग्रंथात ते एका वाढत्या राज्याच्या अंगावर बसलेला, पण भरून निघालेला घाव आहे. आणि शेजवलकरांच्या ग्रंथात तो एका संपूर्ण राजनीतीचा हिशेब आहे. ज्या ग्रंथाचे नावच ‘ऱ्हास’ आहे त्यात शिरलेली कोणतीही घटना ऱ्हासाचीच पायरी होऊन बसते, आणि ‘रियासत’ या नावाखाली आलेली घटना राज्याच्या चरित्रातील एक प्रकरण होते. पहिले पान उघडण्यापूर्वीच मुखपृष्ठाने अर्धा युक्तिवाद केलेला असतो.

पानिपताने मराठ्यांचे नेमके काय गेले, या वादात तर शेवट निवडण्याची ही कला अगदी उघडी पडते. सरदेसायांच्या मते मनुष्यहानी भयंकर झाली, तरी त्या पराभवाने काही कायमचे ठरले नाही. आणि मराठेशाहीचे खरे दुर्दैव म्हणजे थोरल्या माधवरावांचा १७७२ सालचा अकाली मृत्यू. या दुसऱ्या मताचे मूळ ग्रँट डफपर्यंत जाते. सरकारांस पहिले मत मान्य नव्हते. त्यात त्यांना स्वजनांविषयीचा अभिमान दिसे. दोघेही स्नेही, दोघेही तपस्वी, आणि दोघेही कागदाशी इमान राखणारे. मग मतभेद कशाचा? पडदा कोठे पाडावयाचा, याचा! १७६१ च्या जानेवारीत, किंवा त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशव्यांच्या मृत्यूपाशी पडदा पाडला, तर ती शोकांतिका होते. महादजी शिंद्यांनी शाह आलम बादशहास दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसविले त्या १७७२ पर्यंत कथा नेली, तर पानिपत ही एका सत्त्वपरीक्षेची कथा होते. आणि १८०३ पर्यंत किंवा १८१८ पर्यंत नेली, तर तीच पुन्हा एका दीर्घ व्याधीची पहिली चाहूल ठरते. या तीन शेवटांपैकी खरा कोणता, हे सांगणारा रुमाल पेशवे दप्तरात सापडावयाचा नाही. १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सरदेसायांनीच प्रसिद्ध केले. त्यांनी माहिती अफाट वाढविली, पण शेवट निवडण्याचे ओझे इतिहासकाराच्या खांद्यावरून उतरविले नाही.

हे केवळ विद्वानांचे कौतुक असते तर आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. परंतु कथेस जसा शेवट लागतो तसा खलपुरुषही लागतो, आणि येथे प्रकरण न्यायाचे होते. राजवाड्यांचा पहिला खंड हा पानिपताच्या आधीच्या दशकातील कागदांचा. त्यास जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत पराभवाच्या दोषाचा मोठा वाटा गोविंदपंत बुंदेल्याच्या पदरी टाकलेला आहे. त्याने वेळेवर रसद व पैसा पोचविला नाही, हा मुख्य मुद्दा. भाऊसाहेबांची पत्रे पैशासाठी आणि रसदेसाठी एकसारखा तगादा लावणारी आहेत, यात शंका नाही. पण तगाद्याच्या पत्रांवरून कर्जदाराचे चरित्र लिहू नये, हे व्यवहार जाणणारा कोणताही गृहस्थ सांगेल. अडचणीत सापडलेला मनुष्य मदत मागताना दूर असलेल्याची अडचण लिहीत बसत नाही. आणि हाच गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये, म्हणजे अंतिम युद्धाच्या सुमारे महिनाभर आधी, दुआबात अबदालीच्या स्वारांचा छापा पडून मारला गेला. ही गोष्ट आरंभी सांगितली तर तो कर्तव्यात पडलेला वृद्ध कमाविसदार दिसतो. दोषारोप पुरा झाल्यावर शेवटी सांगितली तर तीच त्याच्या कर्माची फळे वाटू लागतात. कागद तेच, फक्त क्रम बदलला. पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांतून, शाळांतून आणि व्याख्यानमालांतून पानिपताच्या अपराध्याविषयी जो खल चालत आला, त्यात पुराव्याचा भाग किती आणि कथेच्या गरजेचा भाग किती, हे कोणी तपासून पाहिले आहे काय? मृत मनुष्य अब्रूनुकसानीची फिर्याद लावू शकत नाही. म्हणूनच त्याच्याविषयी लिहिताना अधिक जपावयास हवे.

येथे कोणी म्हणेल की दोष इतिहासकाराचा असेल. अस्सल कागद तर निर्मळ आहे ना? तेही पूर्णांशाने खरे नाही. ग्रँट डफने आपल्या ग्रंथात पानिपताची बातमी दक्षिणेकडे नेणाऱ्या एका सावकारी पत्राचा मजकूर दिला आहे, आणि तो महाराष्ट्रात आबालवृद्धांस ठाऊक आहे. त्यात पडलेल्या दोघा प्रमुखांस मोत्ये म्हटले आहे, सरदारांस मोहरा, आणि बाकीच्यांस मोजता न येणारी चांदी-तांब्याची नाणी. बातमी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सावकाराने आपल्या धंद्याची सांकेतिक भाषा वापरली, हे तर दिसतेच. पण त्या संकेतात एक संपूर्ण समाजदृष्टी येऊन बसली आहे. मोत्ये दोन, मोहरा मोजलेल्या, आणि सामान्य शिपाई? त्याची चिल्लर झाली! साधन म्हणून आपण ज्यास हात जोडतो तोच कागद असा आधीच अलंकारांनी घडविलेला असतो. नंतरच्या इतिहासकारांनी या पत्राच्या अस्सलपणाविषयी पुष्कळ विचार केला असेल. त्याने लावून दिलेली प्रतवारी मात्र बहुतेकांनी निमूटपणे स्वीकारली. मोत्यांस प्रकरणे मिळाली, मोहरांस परिच्छेद मिळाले, आणि चिल्लरीस एका ठोकळ आकड्यात गुंडाळले गेले.

आता राजवाड्यांविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कागदाचा आग्रह धरणारा हा पुरुष स्वतः प्रस्तावना लिहावयास बसला म्हणजे मराठी भाषेतील एक अत्यंत आवेशी वक्ता होई. तो भांडतो, फटकारतो, उपहास करतो, दोन-चार पत्रांवरून एका शतकाचे अनुमान बांधतो आणि ते आपल्या नावावर छातीठोकपणे मांडतो. पुष्कळांस यात विसंगती दिसते. आम्हांस उलट यात एक प्रामाणिकपणा दिसतो. राजवाड्यांनी कागद वेगळे छापले आणि आपले मत प्रस्तावनेत वेगळे छापले. वाचकास हवे तर त्याने प्रस्तावना फाडून टाकावी आणि कागद ठेवावेत! गोविंदपंतावरील आरोप ज्यास अमान्य करावयाचा आहे त्यास लागणारी पत्रेही राजवाड्यांच्याच खंडात मिळतात. ज्याचे वक्तृत्व उघड आहे त्याच्याशी वाचक वाद घालू शकतो.

याउलट आजच्या विद्यापीठीय गद्याचे पाहा. त्यात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ नाही. ‘असे दिसून येते’, ‘असे म्हणता येईल’, ‘साहजिकच’, ‘अर्थातच’, ‘यावरून स्पष्ट होते’ अशा शब्दांची एक पालखी चाललेली असते, आणि आत कोण बसला आहे हे पडद्यामुळे दिसत नाही. कोणास दिसून येते? कोणी म्हणावयाचे? ‘साहजिकच’ हा शब्द तर बहुधा नेमका अशा ठिकाणी येतो की जेथे गोष्ट मुळीच साहजिक नसून कागद संपलेला असतो. जेथे पुरावा भक्कम असतो तेथे लेखकास या शब्दाची गरजच पडत नाही. ‘भाऊसाहेब साहजिकच चिंतातुर झाले’ असे वाक्य आम्ही येथे केवळ नमुन्यादाखल रचीत आहोत. पण अशी वाक्ये वाचकाने कितीतरी वाचली असतील. बखरकार निदान सांगे की हे युद्ध भारती युद्धासारखे झाले. वाचकास कळे की ही उपमा आहे. निर्वैयक्तिक गद्यात उपमा नसते, म्हणून तिच्यावर संशयही घेता येत नाही. अलंकार टाकून देणे हाही एक अलंकारच आहे, आणि तो सर्वांत परिणामकारक आहे, कारण तो अंगावर दिसत नाही.

तिसरी निवड कर्त्याची. हिचे महत्त्व राजधानीच्या शहरी बसून चटकन ध्यानात येत नाही. वऱ्हाडात बसून येते. बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यात, घाटाखाली पिंपळगाव राजा हे गाव आहे. नावात ‘राजा’ आहे. पण अशा गावी बसून दक्षिणेचे मोठे मोठे इतिहास वाचू लागल्यास एक चमत्कारिक अनुभव येतो. वऱ्हाडचा उल्लेख पानोपानी सापडतो, पण जवळजवळ नेहमी सप्तमी विभक्तीत! फौजा वऱ्हाडात उतरल्या. छावणी वऱ्हाडात पडली. खंडणी वऱ्हाडात वसूल झाली. अमका सरदार वऱ्हाडातून बऱ्हाणपुराकडे निघून गेला. उतरणारा कर्ता, निघून जाणारा कर्ता, वऱ्हाड अधिकरण. क्रिया ज्याच्यावर घडते ते कर्मही नव्हे, तर क्रिया जेथे घडते ती नुसती जागा. एखादा प्रांत शतकानुशतके नांदतो, पेरतो, पिकवितो, कापूस वेचतो, दोन दोन सत्तांचा वसूल एकाच वेळी भरतो, आणि इतिहासाच्या वाक्यात मात्र तो रस्ता असतो.

याच जिल्ह्यातील, पण घाटावरचे, साखरखेर्डा हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांचे युद्ध झाले व मुबारिजखान मारला गेला. ही घटना तीन इतिहासांत तीन प्रकारांनी येते. दिल्लीच्या इतिहासात ती मध्यवर्ती सत्तेच्या दुबळेपणाची खूण आहे, कारण मुबारिजखानास दरबाराचीच फूस होती. तेथे निजाम हा जवळजवळ बंडखोर. हैदराबादच्या इतिहासात हाच दिवस राज्यस्थापनेचा. तेथे तोच मनुष्य संस्थापक. मराठ्यांच्या इतिहासात हे युद्ध बाजीराव आणि निजाम यांच्या संबंधातील एक आरंभीचा प्रसंग म्हणून येते आणि वाचकाचे डोळे चार वर्षांनंतरच्या, १७२८ च्या, पालखेडकडे लागलेले असतात. एकास अंत, दुसऱ्यास आरंभ, तिसऱ्यास प्रस्तावना. तिघांनाही साखरखेर्डा हवे आहे ते केवळ ‘येथे’ म्हणून. ज्यांच्या उभ्या पिकांतून त्या दोन फौजा गेल्या त्यांस कर्ता करणारे एकही वाक्य या तिन्ही कथांत मावत नाही. ते अशक्य होते म्हणून नव्हे. त्या कथांना त्याची गरज नव्हती म्हणून.

पुढे हाच प्रांत शब्दांच्या खेळात कसा सापडला, तेही पाहण्याजोगे आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरास देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क संपून तो निजामाकडे गेला. १८५३ साली, हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, हा मुलूख कंपनीच्या हवाली झाला. त्या व्यवहारास इंग्रजांनी ‘असाइनमेंट’ म्हटले, आणि प्रांताचे सरकारी नावच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे पडले. १९०२ साली वार्षिक पंचवीस लक्ष रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. १९३६ साली निजामाच्या वडील पुत्रास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. राज्यकारभार एकाकडे, पदवी दुसऱ्याकडे! आता ‘नेमून दिलेला’, ‘तारण ठेवलेला’, ‘हिरावून घेतलेला’ आणि ‘परत मागितलेला’ या चार शब्दांपैकी जो शब्द इतिहासकार उचलील त्यात त्याचा न्यायनिवाडा होऊन गेलेला असतो. मात्र एक गोष्ट चारही शब्दांत समान आहे, ती ही की देणारा आणि घेणारा निराळा, आणि वऱ्हाड ही दिली-घेतलेली वस्तू. येथे निदान सप्तमीतून प्रथमेपर्यंत बढती मिळाली, पण ती कर्मणी प्रयोगातील प्रथमा!

म्हणूनच बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला ही घटना आम्हांस केवळ प्रांतिक वाटत नाही. ज्यास इतरांनी मार्ग मानले त्यास ग्रंथविषय करणे हा वाक्यरचनेतीलच एक पालट आहे. १९३४ साली त्यांनी ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ही दिला. प्रांतिक इतिहासांचीही एक मर्यादा असते, हे खरे. राजवंशांच्या क्रमाने प्रकरणे पाडण्याची रीत त्यांसही सहसा सुटत नाही, आणि मग प्रांत पुन्हा एकामागून एक येणाऱ्या धन्यांचा वाडा होऊन बसतो. परंतु दार कोठून उघडावयाचे ते अशा ग्रंथांनी दाखविले. पुढे १९८३ साली रणजित गुहा यांनी शेतकऱ्यांच्या उठावांविषयीच्या सरकारी व विद्वानांच्या गद्याची चिकित्सा करून दाखविले की उठाव हा वादळ, वणवा किंवा साथ असल्यासारखा वर्णिला जातो. म्हणजे शेतकऱ्याने उठाव ‘केला’ असे होत नाही, तो ‘भडकतो’. निसर्गातील क्रियापद लावले की माणसाचा विचार, निश्चय आणि कारण ही तिन्ही एकदम नाहीशी होतात. क्रियापदाच्या या निवडीत केवढा अन्याय मावतो, हे मराठी इतिहासलेखकांनी आपल्या पानांवरून तपासून पाहण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप येणे योग्य आहे. आरंभ, शेवट आणि कर्ता या साऱ्या जर लेखकाच्या निवडी, तर इतिहास आणि कादंबरी यांत भेद तो काय राहिला? मग प्रत्येकाने आपल्या जातीचा, आपल्या प्रांताचा, आपल्या पक्षाचा इतिहास लिहावा आणि सर्वच खरे म्हणावेत! हेडन व्हाइटच्या मताशी आमचा मतभेद नेमका येथे होतो. साचे अनेक असतील, पण साच्यात वाटेल ते ओतता येत नाही. मुबारिजखान साखरखेर्ड्यास मेला. कोणत्याही कथेत तो तेथून जिवंत परत जात नाही. गोविंदपंत युद्धापूर्वी मारला गेला. त्यास १४ जानेवारीस रणातून पळवून लावणारा लेखक कथाकार नव्हे, खोटारडा आहे. कादंबरीकार पात्राचा मृत्यू पुढे ढकलू शकतो, इतिहासकार शकत नाही. कागद लेखकास काय म्हणावे हे पुरतेपणी सांगत नसला, तरी काय म्हणू नये हे फार कडकपणे सांगतो. ही मनाई हाच इतिहासाचा शास्त्रभाग. तिच्या आत राहून बोलणे हा त्याचा वाङ्मयभाग. दोन्ही मिळून इतिहास होतो. राजवाड्यांच्या परंपरेने पहिला भाग आपल्या हाडीं खिळविला. दुसऱ्याची लाज मात्र विनाकारण बाळगावयास शिकविले, आणि लाजेपोटी झाकलेली गोष्ट नेहमीच अधिक उपद्रव करते.

तेव्हा आमचे मागणे कथा टाकून द्या असे नाही. कथा टाकलेला इतिहास सुशिक्षित कुटुंबांत कोणी वाचीत नाही. मग त्याची जागा निःसंकोच कादंबऱ्या, चित्रपट आणि सभेतील भाषणे घेतात, आणि त्यांस कोणत्याही कागदाची मनाई नसते. रियासतकार सरदेसायांचे मोठेपण हेच की त्यांनी सामान्य वाचकास पुराव्याच्या जवळ राहून कथा दिली. आमचे मागणे एवढेच की इतिहासकाराने आपली निवड सांगावी. मी येथून आरंभ केला, कारण अमुक. येथे थांबलो, कारण अमुक. दुसरीकडे थांबलो असतो तर चित्र असे दिसले असते, एवढी कबुली प्रस्तावनेत द्यावी. जेथे कागद संपला आणि अनुमान सुरू झाले तेथे ‘साहजिकच’ची फळी टाकून खड्डा झाकू नये, ‘येथून पुढे माझा तर्क’ असे मोकळेपणाने लिहावे. आणि प्रकरण लिहून झाल्यावर एकवार केवळ व्याकरणाच्या दृष्टीने वाचावे. कर्त्याच्या जागी कोण कोण आले? जे कधीच आले नाहीत ते खरोखरच काही करीत नव्हते काय, की आपणच त्यांस क्रियापद दिले नाही?

वाचकाकडेही थोडे कर्तव्य उरते. घरात पानिपताचा किंवा दुसऱ्या कोणत्याही ऐतिहासिक अपराध्याचा विषय निघाला आणि आवाज चढू लागले, म्हणजे पुरावा कोणाजवळ आहे हे विचारण्याबरोबरच, ही कथा कोणी कोठून सुरू केली, हेही विचारावे. मुलांच्या हातातील पाठ्यपुस्तकात एखादा मनुष्य ‘फितूर’ म्हणून आला तर तो शब्द कागदातला की लेखकाचा, हे त्यांना पाहावयास शिकवावे. इतकी सवय लागली तरी पुष्कळ भांडणे निम्म्यावर येतील. कारण आपली बहुतेक ऐतिहासिक भांडणे घटनांविषयी नसून विशेषणांविषयी असतात.

साखरखेर्ड्याच्या विजयानंतर त्या गावाच्या नावात ‘फत्ते’ हा शब्द घालण्यात आला, आणि सरकारी कागदांत पुढे कितीएक वर्षे ते नाव चालले. विजेत्याने केलेले ते एका शब्दाचे इतिहासलेखनच होते. कागद शोधणारास ते नाव अस्सल कागदांवर सापडेल, आणि त्याबद्दल कोणासही तक्रार करता येणार नाही. पण सिंदखेडराजा तालुक्यातील त्या गावास आज लोक साखरखेर्डा असेच म्हणतात, आणि सरकारदप्तरीही तेच नाव आहे. गावाचे नाव गावाने ठेवून घेतले. एवढ्या एका वाक्यात तरी कर्ता बदलला आहे.